वाचक विचारतात : घरी केलेल्या दुरुस्तीनंतर इंजिन वाजू लागले, आता पुढे काय?

प्रश्न : माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी, टर्बो असलेली छोटी मोटार आहे. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर मी प्रथमच घरी बदलले. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती, हे माझ्या लक्षात आले नाही, आणि नवा फिल्टर मी तिच्यावरच आवळला. फेरी मारायला निघालो तर थोड्याच अंतरावर ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेण्यासारखी जागा मिळेपर्यंत मी चालवत राहिलो, आणि थांबल्यावर मागे पाहिले तर रस्त्यावर ऑइलची रेघ उमटली होती. नंतर दोन्ही रिंगा काढून नवी रिंग आणि नवा फिल्टर बसवला, ऑइल पुन्हा भरले, गाडी सुरूही झाली. परंतु आता आतून ठक्-ठक् असा आवाज येतो आणि गाडी तापली की तो वाढतो. एका परिचितांचा सल्ला आहे की जाड ऑइल टाकावे म्हणजे आवाज जाईल. इंजिन गेले आहे असे समजावे का? ते न उघडता काही निदान करता येईल का?

उत्तर : सर्वप्रथम, गाडी आहे तिथेच उभी ठेवा आणि आवाज आणखी कुणाला ऐकवण्यासाठी किंवा कमी झाला का हे पाहण्यासाठी ती पुन्हा सुरू करू नका. अशा प्रसंगात पहिल्या चुकीने जेवढे नुकसान होते त्याहून कितीतरी अधिक नुकसान नंतरच्या ‘जरा सुरू करून पाहू’ने होते, आणि बदलून भागले असते अशा बेअरिंगबरोबर क्रँकशाफ्टही, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडाही, निकामी होतो.

काय घडले ते आधी पाहू. एकावर एक बसलेल्या दोन रबरी रिंगांना एकमेकींवर पकड नसते. इंजिन मंद चालू असताना त्या कशाबशा टिकतात. थंड आणि म्हणून घट्ट असलेल्या ऑइलचा दाब वेग वाढताच चढतो, तेव्हा एक रिंग बाहेर सरकते आणि त्या फटीतून पंप चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतले, ऑइल थेट रस्त्यावर फेकू लागतो. चेंबर रिकामा व्हायला मग फार वेळ लागत नाही. लाल दिव्याविषयी तर बहुतेकांचा समज चुकीचा असतो. पेट्रोल संपत आल्याचा दिवा जसा थोडी सवलत देतो, तसा हा देत नाही, कारण तो ऑइलची पातळी दाखवतच नाही, दाब दाखवतो. बहुतेक इंजिनांत हा दाब साधारण अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास किंवा त्याहूनही खाली गेल्यावरच दिवा लागतो. म्हणजे तो लागला त्या क्षणी बेअरिंगला ऑइल पुरेसे पोहोचत नव्हते.

पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट (थोडक्यात क्रँक) यांच्यामध्ये जी बेअरिंग असतात, त्यांत गोळ्या नसतात; दोन अर्धवर्तुळाकार पातळ शेल असतात, पाठीला पोलाद आणि आतून मऊ मिश्रधातूचा थर. शेल आणि क्रँक यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच फट असते, आणि त्या फटीतल्या ऑइलच्या थरावर क्रँक अक्षरशः तरंगत फिरतो. हा थर किती बळकट असतो हे बीचम टॉवर या इंग्लिश अभियंत्याला 1883 च्या सुमारास प्रयोग करताना योगायोगानेच कळले. बेअरिंगच्या वरच्या बाजूला त्याने पाडलेल्या भोकातून ऑइल वर येऊ लागले, म्हणून त्याने लाकडी बूच ठोकले, तर ऑइलच्या दाबाने ते बूचही बाहेर ढकलले गेले. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी त्यामागचे गणित मांडले. फिरणारा दांडाच ऑइलला निमुळत्या फटीत ओढतो आणि स्वतःला उचलून धरणारा दाब निर्माण करतो. मात्र फटीतून सतत निसटणाऱ्या ऑइलची भरपाई पंपाने करावी लागते. ती थांबली की थर तुटतो, धातूवर धातू घासतो, मऊ थर पुसला जातो आणि फट वाढते. वाढलेल्या फटीतून ऑइल आणखी वेगाने निसटते, दाब आणखी उतरतो, आणि रॉड प्रत्येक फेरीत क्रँकवर आदळू लागतो. गाडी तापल्यावर ऑइल पातळ होते, म्हणून तुमचा आवाज तेव्हा वाढतो.

जाड ऑइलचा सल्ला यासाठीच मानू नये. जाड ऑइल वाढलेली फट काही काळ भरून काढते आणि आवाज दबतो, पण पुसला गेलेला थर परत येत नाही. शिवाय थंड इंजिन सुरू होताना जाड ऑइल टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत, उशिरा पोहोचते. गाडी विकून मोकळे व्हायचे असणारे लोक हा उपाय करतात. तुम्हाला ती चालवायची आहे.

आता निदान. तुमच्या बाबतीत एक गोष्ट सोयीची आहे, आणि तिचा उपयोग फार थोडे जण करून घेतात. ऑइल आणि फिल्टर दोन्ही त्या घटनेनंतर घातलेले आहेत. एरवी फिल्टरमध्ये सापडलेला कण केव्हाचा हे सांगता येत नाही. इथे मात्र नव्या फिल्टरमध्ये जे काही सापडेल ते जवळजवळ निश्चितपणे याच नुकसानीचे आहे. म्हणून ऑइल एका स्वच्छ, फिक्या रंगाच्या भांड्यात उतरवा, थोडा वेळ स्थिर राहू द्या आणि तळाशी काय बसते ते उजेडात पाहा. मग फिल्टर कापून उघडा. त्यासाठी फिल्टर कापण्याचा चक्रीसारखा कटर मिळतो, तोच वापरा. करवतीने कापल्यास तिचाच बुरा कागदात मिसळेल आणि परीक्षेला अर्थ उरणार नाही. आतल्या कागदाच्या घड्या सोडवा, पट्टी स्वच्छ कापडात दाबून ऑइल काढून टाका, आणि ती उन्हात तिरकी धरून पाहा. लोहचुंबकाला चिकटणारे कण लोखंड-पोलादाचे, म्हणजे क्रँक, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) किंवा पिस्टनच्या रिंगांकडून आलेले असतात. न चिकटणारे रुपेरी कण बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. ते शेलचे, पिस्टनचे किंवा हेडचे (सिलिंडरांवरच्या झाकणाचे) असू शकतात. तांबूस किंवा सोनेरी चकाकी दिसली तर शेलचा वरचा थर संपून खालचा तांब्याचा थर उघडा पडला आहे असे धरून चालावे. डोळ्यांनी सहज वेगळे दिसतील असे चपटे पापुद्रे सापडले, तर पुढच्या कुठल्याही चाचणीची गरज नाही. चेंबर उतरवावाच लागेल.

फिल्टर स्वच्छ निघाला, तरच नवा फिल्टर आणि ऑइल घालून इंजिन थोडा वेळ सुरू करण्याला अर्थ आहे, आणि तेही ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी काट्याचा प्रेशर गेज बसवल्यावर. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच प्रमाण मानावा. ढोबळ मानाने सांगायचे तर तापलेल्या इंजिनात मंद चालीवर एक बारच्या आसपास आणि मिनिटाला 3000 फेऱ्यांना दोन-तीन बार किंवा त्याहून अधिक दाब असणे अपेक्षित असते. थंड असताना दाब चांगला आणि तापल्यावर कोसळलेला, असे दिसले तर बेअरिंगची फट वाढली आहे.

याच छोट्या अवधीत आवाजाची जात ओळखता येते. वरच्या बाजूने येणारा हलका टिक्-टिक् आवाज क्रँकच्या निम्म्या गतीने होतो, कारण कॅमशाफ्ट निम्म्याच गतीने फिरतो. ऑइल निघून गेल्यामुळे हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट ऑइलच्या दाबाने भरून काढणारे भाग, रिकामे झाले असतील तर असा आवाज येतो, आणि नवे ऑइल भरल्यावर काही मिनिटांत तो आपोआप जातो. खालून येणारा जड, बोथट ठोका क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदा पडतो, आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबून अलगद सोडताना सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरची वायर क्रमाने काढून पाहिली आणि एका सिलिंडरला ठोका एकदम मंदावला, तर दोष त्याच रॉडचा. इग्निशन कॉइलची वायर काढूनही हीच चाचणी करतात, पण तसे केल्यास न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला बिघडवते, म्हणून इंजेक्टरचीच काढावी. तुमचा आवाज तापल्यावर वाढतो, या एका तपशिलावरून मला टॅपेटपेक्षा रॉडचा संशय अधिक येतो.

अशा वेळी अनेक ठिकाणी प्रथम कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबून धरतो ते, तपासले जाते आणि ते उत्तम आहे असे सांगून ग्राहकाला निश्चिंत केले जाते. ही चाचणी पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट यांच्याविषयी बोलते. क्रँकचे बेअरिंग पुरते गेलेले असतानाही ते उत्तम येऊ शकते, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला त्या चाचणीतून उत्तर मिळणार नाही.

चेंबर उतरवल्यावर ऑइल ओढणाऱ्या पाइपची जाळी आधी पाहावी, कारण मोठे पापुद्रे तिथेच अडकलेले असतात. मग रॉडच्या टोप्या, म्हणजे क्रँकभोवती शेल आवळून धरणारे त्याचे खालचे अर्धे भाग, एकेक करून उघडाव्यात. प्रत्येक टोपी तिच्याच रॉडला आणि त्याच दिशेने परत जाईल अशी खूण करून ठेवणे इथे अत्यावश्यक आहे, कारण त्या जोडीने घडवलेल्या असतात. क्रँकच्या गुळगुळीत भागावरून नख आडवे फिरवावे. नख कुठेही अडकत नसेल आणि व्यास मापात असेल तर नवे शेल बसवून काम भागण्याची चांगली शक्यता असते. नख अडकत असेल किंवा निळसर डाग दिसत असतील, तर क्रँक काढून मशीन शॉपमध्ये मोजून घेण्यावाचून गत्यंतर नाही. नव्या शेलची फट प्लास्टिगेजने, म्हणजे टोपी आवळल्यावर चपट्या होणाऱ्या मऊ धाग्याच्या रुंदीवरून, तपासून घ्यावी. अनेक इंजिनांत रॉडचे बोल्ट एकदा आवळल्यावर कायमचे ताणले जातात, म्हणून ते नवेच लागतात. ऑइल कूलर असेल तर त्यात अडकलेले कण नव्या बेअरिंगला पुन्हा खातील, तेव्हा तो धुण्यावर विसंबण्यापेक्षा बदललेला बरा.

टर्बोलाही विसरू नका. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकतो आणि तो याच ऑइलवर जगतो. हवेचा पाइप काढून दांडा बोटांनी हलवून पाहा. बाजूला किंचित हलणे स्वाभाविक आहे, परंतु आत-बाहेर सरकल्याचे बोटांना जाणवता कामा नये, आणि पाती घराला घासल्याच्या खुणा तर मुळीच दिसता कामा नयेत. हेडमधल्या कॅमशाफ्टच्या बैठकांवरही नजर टाका, कारण पुष्कळ इंजिनांत तिथे वेगळे शेल नसतात. कॅम ॲल्युमिनियममध्येच फिरतो आणि चरे पडले तर हेडचेच काम निघते.

प्रश्न : टायमिंग बेल्ट मी स्वतः बदलला. खुणा जुळवल्या होत्या, परंतु टेन्शनर आवळताना कॅमची पुली किंचित हलल्यासारखी वाटली. गाडी सुरू करताच खडखडाट झाला, म्हणून लगेच बंद केली. आता स्टार्टर मारला तर इंजिन पूर्वीपेक्षा हलके आणि अडखळत फिरते, सुरू होत नाही. व्हॉल्व्ह वाकले असतील का?

उत्तर : बहुधा होय, पण किती वाकले हे हेड उतरवण्याआधी बरेच नेमके कळू शकते. काही इंजिनांत पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांना एकमेकांपासून पुरेशी जागा असते. आजच्या बहुसंख्य इंजिनांत मात्र ती नसते आणि दोघे एकाच जागेत केवळ टायमिंग बेल्टने जुळवलेली वेळ वाटून घेऊन वावरतात. क्रँकच्या पुलीला वीस दात असतील तर एक दात चुकणे म्हणजे क्रँकचे 18 अंश चुकणे होय. एका दाताच्या चुकीने इंजिन पुष्कळदा फक्त निर्जीव चालते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. दोन-तीन दात चुकले की टक्कर होण्याची शक्यता झपाट्याने वाढते. स्टार्टरला इंजिन हलके लागणे म्हणजे काही सिलिंडर हवा दाबून धरत नाहीत.

स्टार्टर पुन्हा मारू नका. कव्हर काढा, खुणा कुठे आहेत ते पाहून किती दातांचा फरक आहे हे लिहून ठेवा, आणि बेल्ट योग्य जागी बसवा. नंतर सर्व स्पार्क प्लग काढून क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते, म्हणून दोन फेऱ्यांनंतरच सर्व खुणा पुन्हा जुळायला हव्यात. ही पायरी बेल्ट बदलल्यावर गाडी सुरू करण्यापूर्वीच करायची असते, आणि तुमच्या वेळी हीच राहून गेली असावी. मध्येच पाना टणकपणे अडला तर जोर लावू नका.

खुणा जुळल्यावर कॉम्प्रेशन तपासा, कारण इथे ती चाचणी अगदी योग्य आहे. प्लग सर्व काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण 10 ते 14 बार येतो आणि सिलिंडरांमधला फरक थोडा असतो. एखाद्यात शून्य किंवा जवळजवळ शून्य आला, तर त्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून, पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा स्थितीत, दाबाची हवा सोडून कान द्या. फुसफुस थ्रॉटलपाशी ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या तोंडाशी आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइलच्या झाकणातून मोठा झोत आला तर रिंगा किंवा पिस्टन. त्याच भोकातून बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा, घातला तर पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारख्या चकचकीत खुणा दिसतील.

वाकलेला व्हॉल्व्ह सरळ करण्याच्या फंदात कुणी पडू नये. तो बदलायचा, त्याचा गाइड तपासायचा, बैठक लॅपिंग करून (घासून जुळवून) घ्यायची, आणि हेड उतरलेच आहे तर ते सपाट आहे ना हे सरळपट्टी आणि फीलर गेजने मोजून घ्यायचे. पिस्टनवरचा ओरखडा उथळ असेल तर तो पिस्टन सहसा चालतो. पुन्हा बांधताना मात्र नुसत्या खुणांवर विसंबू नका, कारण अनेक नव्या इंजिनांत कॅम आणि क्रँक जागी धरण्यासाठी लॉकिंग पिना लागतात. त्या पिना केवळ स्थिती राखण्यासाठी असतात. पुलीचा बोल्ट सोडवताना त्यांच्यावर जोर टाकला तर त्या वाकतात आणि पुन्हा तोच घोटाळा होतो.

प्रश्न : स्पार्क प्लग बदलताना एक छोटा वॉशर प्लगच्या भोकात पडला. गाडी अजून सुरू केलेली नाही. तो आत जळून किंवा बाहेर फेकला जाईल का?

उत्तर : जळणार नाही, आणि बाहेर जाताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली अडकून वॉशर त्या व्हॉल्व्हलाच वाकवू शकतो. गाडी सुरू केली नाहीत हे उत्तम केलेत. स्टार्टरची एक फेरीदेखील नको. वॉशर खरोखरच आत गेला आहे की प्लगच्या खोलगट विहिरीत कडेला अडकला आहे, हे आधी टॉर्चने पाहा, कारण पुष्कळदा तो तिथेच सापडतो. आत गेला असेल तर इंजिन पान्याने, अगदी सावकाश, एवढेच फिरवा की तो पिस्टन वरच्या टोकाजवळ येईल, म्हणजे वॉशर हाताच्या टप्प्यात येतो; मात्र किंचितही अडथळा जाणवला तर थांबा. पोलादी असेल तर लवचिक दांड्याचा चुंबक पुरतो. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बारीक नळी जोडून तो ओढून घेता येतो, परंतु त्याआधी इंजेक्टर बंद ठेवून पेट्रोलची वाफ उडून जाऊ द्यावी. वॉशर निघाल्यावरही बोअरस्कोपने एकदा आत पाहून घ्या, आणि तो सापडलाच नाही तर हेड उतरवणे हाच प्रामाणिक उपाय आहे.

प्रश्न : गाडी ऑटोमॅटिक आहे. ऑइल बदलताना मी चुकून गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग उघडला असे आता वाटते, कारण निघालेले ऑइल लालसर होते. त्यानंतर इंजिनात पूर्ण मापाचे नवे ऑइल ओतले. गाडी सुरू केल्यावर धूर आला आणि गिअर टाकूनही ती नीट हलली नाही. दोन्ही गेले का?

उत्तर : इंजिन बहुधा वाचले आहे, गिअरबॉक्सबद्दल तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही. जुने ऑइल आत असताना त्यावर तेवढेच नवे ओतल्याने पातळी क्रँकपर्यंत चढते, क्रँक ते घुसळून फेस करतो, आणि फेसाळलेले ऑइल बेअरिंगला नीट पेलत नाही. ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) वाटेने ते इनटेकमध्ये ओढले जाते, म्हणून धूर. सर्व ऑइल उतरवून योग्य मापाचे भरा, इनटेकचे पाइप पुसून घ्या, प्लग ऑइलने माखले आहेत का पाहा आणि क्रँकच्या सीलमधून गळती होत नाही ना याकडे काही दिवस लक्ष ठेवा. थोडाच वेळ चालवली असेल तर प्रकरण सहसा एवढ्यावर मिटते.

गिअरबॉक्समध्ये ऑइल केवळ वंगण नसते. त्याच्याच दाबाने क्लच जुळतात. ते नसताना ॲक्सिलरेटर दाबला असेल तर क्लच घसरून जळतात, आणि ऑइलला करपल्याचा वास व काळपट रंग येतो. खाली पडलेल्या ऑइलचे माप घ्या आणि कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचे तेवढेच नवे ऑइल भरून घ्या. अंतिम पातळी मात्र ठरावीक तापमानाला, इंजिन चालू ठेवून तपासावी लागते. ती सोय तुमच्याकडे नसेल तर ते काम वर्कशॉपमध्येच करून घ्यावे. तिथपर्यंत गाडी चालवत नेऊ नका, आणि दोराने ओढूनही नेऊ नका. फिरणाऱ्या चाकांमुळे गिअरबॉक्सचे आतले भाग कोरडे फिरतात, म्हणून ती चारही चाके उचलून सपाट ट्रकवर न्यावी.